भाषिक मॉडेलांच्या एजंटांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम : एका रूपकाची व्याप्ती आणि मर्यादा

प्रास्ताविक

एकाच संगणकावर अनेक प्रोग्रॅम चालू लागले, तेव्हा यंत्राचा वेळ, स्मृती आणि साधने त्यांच्यात कशी वाटून द्यावयाची, असा प्रश्न निर्माण झाला. ऑपरेटिंग सिस्टिम ही या प्रश्नातून घडलेली व्यवस्था होय. १९६२ साली मँचेस्टर येथे कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकाने आभासी स्मृती प्रत्यक्षात आणली. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या मल्टिक्स प्रकल्पाने अधिकारांच्या वलयांची कल्पना रुजवली. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत आकाराला आलेल्या युनिक्सने या परंपरेला सुटसुटीत रूप दिले. वाटप आणि संरक्षण ही या व्यवस्थेची दोन मूलभूत कार्ये आहेत.

गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न नव्या क्षेत्रात उपस्थित झाला आहे. दिलेले उद्दिष्ट साध्य करण्यासाठी भाषिक मॉडेलच्या साहाय्याने स्वतः पायऱ्या ठरवणारा, फाइल उघडणारा, संकेतस्थळ वाचणारा आणि पत्र पाठवणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘एजंट’. अशा अनेक एजंटांना सामावून घेणाऱ्या व्यवस्थेलाही आता ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हटले जाते. हे नाव कितपत सार्थ आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

संकल्पनेची जडणघडण

ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी ‘मेमजीपीटी’ हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मॉडेल एका वेळी मर्यादित मजकूरच विचारात घेऊ शकते. या मर्यादित अवकाशाला मुख्य स्मृती मानावे, उर्वरित मजकूर बाहेर साठवावा आणि गरजेनुसार आत-बाहेर करावा, अशी ही मांडणी होती. ही ने-आण मॉडेल स्वतःच करते, हे तिचे वेगळेपण. याच वर्षी ‘व्हीएलएलएम’ या प्रणालीने मॉडेलच्या गणनेसाठी लागणारी तात्पुरती स्मृती पृष्ठांमध्ये विभागून तिचा अपव्यय बराच कमी केला. ऑपरेटिंग सिस्टिमचे जुने तंत्र येथे प्रत्यक्ष उपयोगी पडले.

या विचाराला संपूर्ण आराखड्याचे रूप दिले ते अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी. योंगफेंग झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये ‘मॉडेल ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि एजंट हे तिच्यावरील ॲप्लिकेशन’ अशी भूमिका मांडली आणि मार्च २०२४ मध्ये ‘एआयओएस’ ही प्रणाली सादर केली.

एआयओएसची रचना आणि तिचे गुण

एआयओएसमध्ये मॉडेल आणि एजंट यांच्यामध्ये एक ‘कर्नल’, म्हणजे प्रणालीचा गाभा, उभा केला आहे. एजंटांच्या विनंत्यांचा क्रम लावणे, संदर्भ सांभाळणे, स्मृती, साठवण, बाह्य साधने आणि प्रवेशाधिकार यांचे नियमन करणे, अशी कामे त्याच्या स्वतंत्र घटकांकडे सोपवली आहेत.

या रचनेचे महत्त्व मान्य करावे लागते. नियामक नसेल, तर अनेक एजंट एकाच वेळी मॉडेलकडे धाव घेतात, ग्राफिक्स प्रोसेसरची स्मृती अपुरी पडते आणि विनंत्या पुन्हापुन्हा कराव्या लागतात. एआयओएसमध्ये ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ किंवा ‘पाळीपाळीने’ अशा परिचित पद्धतींनी क्रम लावला जातो. पाळी संपताच अर्धवट उत्तराची स्थिती जतन होते आणि पुढील पाळीस तेथूनच काम सुरू होते. यामुळे एजंटांचे काम जास्तीत जास्त २.१ पट वेगाने होते, असा संशोधकांचा दावा आहे. ‘जास्तीत जास्त’ ही या दाव्याची वरची मर्यादा आहे आणि प्रत्यक्ष लाभ यंत्रावरील भारानुसार बदलणार, हे ध्यानात ठेवावे लागेल. तरीही ज्या अडचणीवर हा उपाय योजला आहे ती खरी असल्याने लाभही खरा आहे.

वाटपाच्या न्याय्यतेचा मुद्दा मात्र अधिक विचार मागतो. या व्यवस्थेत स्मृती आणि वेळ यांचे माप ‘टोकन’ हे आहे आणि सर्व भाषांचा मजकूर टोकनांमध्ये सारखा विभागला जात नाही. प्रचलित युनिकोड लेखनात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. अनेक मॉडेलांमध्ये मराठी मजकुराला त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा अधिक टोकन खर्च होतात. २०२३ मधील एका अभ्यासात काही भाषांबाबत हा फरक पंधरा पटींपर्यंत आढळला होता. त्यामुळे सर्वांना समान टोकन देणारे वाटप वरकरणी निःपक्षपाती दिसले, तरी मराठीत काम करणाऱ्याच्या वाट्याला कमी स्मृती येते.

रूपकाची मर्यादा : संरक्षण

संरक्षण या दुसऱ्या कार्याकडे वळताच रूपक अपुरे पडू लागते. पारंपरिक संगणकात कर्नलचे अधिकार प्रोसेसरच्या रचनेतच निश्चित केलेले असतात. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या स्मृतीत हात घालण्याचा प्रयत्न केला, तर यंत्र त्यास तेथेच रोखते. भाषिक मॉडेलमध्ये अशी भिंत नाही. निर्मात्याच्या सूचना, वापरकर्त्याची मागणी आणि वाचावयास दिलेले परक्याचे पत्र हे सर्व टोकनांच्या एकाच प्रवाहातून मॉडेलपर्यंत पोहोचते. यातील आज्ञा कोणती आणि केवळ मजकूर कोणता, हे मॉडेल प्रशिक्षणातून लागलेल्या सवयीने ठरवते, आणि सवय चुकू शकते. परक्या मजकुरात दडवलेल्या आज्ञेने मॉडेलला वळवता येते, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. जून २०२५ मध्ये उघड झालेल्या ‘एकोलीक’ या त्रुटीत तर वापरकर्त्याने काहीही न उघडता, केवळ आलेल्या ई-मेलमुळे मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलटमधून माहिती बाहेर जाऊ शकत होती. ही त्रुटी दूर करण्यात आली आहे.

या दोषाचे मूळ जुने आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली ‘गोंधळलेला प्रतिनिधी’ या नावाने त्याचे वर्णन केले. एका कंपायलरला स्वतःच्या नोंदी ठेवण्यासाठी विशिष्ट विभागात लिहिण्याचा अधिकार होता. एका वापरकर्त्याने त्याला आपल्या निष्पत्तीसाठी त्याच विभागातील देयकांच्या फाइलचे नाव दिले आणि कंपायलरने देयकांची माहिती पुसून टाकली. वापरकर्त्याला तो अधिकार नव्हता, कंपायलरला होता. एजंटाची स्थिती नेमकी अशीच आहे.

एआयओएसमधील प्रवेश-नियंत्रक एका एजंटाने दुसऱ्याच्या साधनांना हात लावू नये, यासाठी अधिकारगट सांभाळतो आणि फाइल नष्ट करण्यासारख्या अपरिवर्तनीय कृतींपूर्वी वापरकर्त्याची संमती घेतो. ही तरतूद योग्य असली, तरी पुरेशी नाही. ज्या एजंटाला पत्रे वाचण्याचा आणि पाठवण्याचा रीतसर अधिकार आहे, तो फसवला गेला तर त्याची प्रत्येक विनंती नियमांत बसते. संमतीचाही अतिवापर झाला, तर वापरकर्ता न वाचताच ‘होय’ म्हणू लागतो. शिवाय हा ‘कर्नल’ लिनक्स किंवा अन्य प्रणालीवर सामान्य प्रक्रियेसारखा चालतो. ‘कर्नल’ या शब्दातून सूचित होणारे यंत्रसिद्ध अधिकार त्याच्यापाशी नाहीत.

पर्यायी दिशा

मार्च २०२५ मध्ये गूगल डीपमाइंड आणि सहयोगी संशोधकांनी मांडलेली ‘कॅमल’ ही पद्धती या संदर्भात महत्त्वाची आहे. तिच्यात कृतींचा क्रम केवळ वापरकर्त्याच्या विश्वसनीय मागणीवरून ठरतो. परका मजकूर हाताळणाऱ्या मॉडेलला साधने वापरण्याची मुभा नसते आणि कोणती माहिती कोठे जाऊ शकते, याची तपासणी मॉडेलबाहेरील प्रोग्रॅम करतो. काही कामे यामुळे अवघड होतात, परंतु सुरक्षेची हमी मॉडेलच्या सद्वर्तनावर अवलंबून राहत नाही.

अशी प्रणाली आज उभारणाऱ्या संस्थेला यातून व्यवहार्य बोध घेता येतो. एजंटांना स्वतंत्र खाते आणि शक्य तर स्वतंत्र आभासी यंत्र द्यावे, त्यांना कामापुरतेच अधिकार असावेत. आणि खाजगी माहिती, परका मजकूर व बाहेर संदेश पाठवण्याची सोय या तीन गोष्टी एकाच एजंटाच्या हाती एकत्र येऊ देऊ नयेत. महाविद्यालयाच्या कार्यालयात विद्यार्थ्यांचे अर्ज वाचणाऱ्या एजंटालाच गुणपत्रकांची फाइल आणि ई-मेल खाते सोपवणे, हे या नियमाचे सरळ उल्लंघन ठरेल.

समारोप

एआयओएस आणि तत्सम प्रयत्नांनी वाटपाच्या प्रश्नाला शिस्तबद्ध उत्तर दिले आहे. त्यापुरते ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हे रूपक फलदायी ठरले. मात्र याच नावामुळे वापरकर्त्याच्या मनात संरक्षणाविषयी जो विश्वास निर्माण होतो, त्याला आवश्यक तो आधार अद्याप तयार झालेला नाही. आज्ञा आणि मजकूर यांच्यातील सीमा मॉडेलच्या बाहेर, तपासता येईल अशा यंत्रणेत आखली जाईपर्यंत या प्रणालींना कुशल वाटपकर्ते म्हणणे अधिक यथार्थ होईल. आपली पत्रे, पैसा आणि नोंदी एजंटांच्या हाती सोपवणाऱ्याने हा भेद जाणूनच पुढे जावे.