डी ड्राइव्हची बदली

बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या लहान गाळ्यांमध्ये, जिथे मालक स्वतःच कोटेशन टाइप करतो आणि स्वतःच वेल्डरला चहा सांगतो, तिथे कॉम्प्युटरचं एक अलिखित शास्त्र आहे: विंडोज सी मध्ये, जीव डी मध्ये. सी कधीही जाऊ शकतो. व्हायरस शिरतो, लाइट दगा देते, बोईसरहून आलेला हार्डवेअरवाला स्क्रीनकडे बघत ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो, आणि मालक शांतपणे मान डोलावतो. ड्रॉइंग, टॅली, टेंडरचे कागद, मुलीच्या बारशाचे फोटो, सगळं डी मध्ये आहे. ज्यांनी दोन पैसे जास्त टाकले त्यांचा डी हा एकाच डिस्कचा कापलेला तुकडा नसतो. ती कॅबिनेटमधली वेगळी, दुसरी डिस्क असते. हे कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षं फॉरमॅट मारून घेतलेल्या लोकांनी काढलेला हा तोडगा आहे, आणि माझ्या मते आपल्याकडच्या कॉम्प्युटर वापरातला हा सर्वांत शहाणा.

सध्या हे डी मोठ्या प्रमाणात हलतायत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्या मानाने अलीकडचा प्रोसेसर लागतो, आणि गाळ्यातला दहा-बारा वर्षांचा असेंबल केलेला पीसी त्या परीक्षेत बसत नाही. नवा पीसी येतो. जुन्यातली दुसरी डिस्क काढून नव्यात बसवायची असते. चार स्क्रू, दोन केबल. करणारे ते मोबाइल कानाला लावून करतात, त्यामुळे त्यात बघण्यासारखं काय आहे हे निसटतं.

डिस्क हातात आली की आधी तिचं लेबल वाचावं. इतक्या कमी जागेत इतकं खरं बोलणारा मजकूर विरळा. सीगेटचा क्रमांक ‘एसटी१०००’ असा सुरू झाला तर हजार जीबी. वेस्टर्न डिजिटलचा ‘डब्ल्यूडी१०’ असा असला तर तेच एक टेराबाइट, वेगळ्या तऱ्हेने मोजलेलं. विंडोज मात्र ते ९३१ दाखवतं आणि दर वेळी कुणीतरी दुकानदारावर संशय घेतं. संशय चुकीचा आहे. बनवणारा दहाच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत, आणि दोघेही आपापल्या हिशेबात बरोबर. त्याखाली ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट: पाच सर्किटसाठी, बारा चकती फिरवणाऱ्या मोटरसाठी. मग देशाचं नाव, पुष्कळदा थायलंड. २०११ च्या पुरात तिथले कारखाने पाण्याखाली गेले आणि त्या हिवाळ्यात जगभर हार्ड डिस्कचे भाव चढले.

लेबलाजवळच, कधी झाकणाच्या कडेला, एक बारीक भोक असतं. हे भोक झाकू नका, अशी इंग्रजीत ताकीद. साध्या हार्ड डिस्कमध्ये निर्वात पोकळी असते असा सार्वत्रिक गैरसमज आहे. आत हवा असते, आणि असावीच लागते. वाचणारं हेड चकतीला टेकत नाही. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी चकती हवेचा जो पातळ पदर ओढून नेते त्यावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. बाहेरचा दाब बदलला की आतला बदलावा म्हणून हे भोक, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून त्यामागे गाळणी. म्हणजे बोईसरच्या डिस्कमध्ये बोईसरचीच हवा असते, फक्त गाळलेली. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क पूर्ण बंद असतात; त्यांना ही मजा नाही.

बोईसरची हवा हा या प्रकरणातला स्वतंत्र अध्याय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर सर्वांत वर होतं. एका बाजूला रसायनं, दुसऱ्या बाजूला समुद्राचा खारा दमटपणा. जुनी डिस्क उलटी करून खालचं हिरवं बोर्ड सोडवलं (त्याला सहा पाकळ्यांचा बारीक पेच लागतो, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी खराब होतात) तर आतल्या बाजूचे संपर्काचे ठिपके काळवंडलेले दिसू शकतात. २००६ मध्ये युरोपने शिशावर निर्बंध आणल्यावर अनेक सर्किट बोर्डांवर चांदीचा पातळ थर देण्याची पद्धत वाढली, आणि गंधकाच्या वाफा चांदीला काय करतात हे देवघरातल्या निरांजनावरून कोणालाही ठाऊक आहे. जाणकार कारागीर तिथे शाळेचं खोडरबर फिरवतो. चमक येते, बोर्ड परत बसतं, आणि ‘डिटेक्ट होत नाही’ म्हणून आलेली डिस्क कधी कधी डिटेक्ट होते. हा उपाय मला फार आवडतो.

आता जोडणी. जुन्या आयडीई डिस्क ज्यांनी हाताळल्या त्यांना चाळीस पिनांची रुंद, चपटी केबल आठवत असेल. एका केबलला दोन डिस्क, त्यातली एक मास्टर, एक स्लेव्ह, आणि कोण कोण हे डिस्कच्या पाठीवरच्या पिनांवर इवलीशी प्लॅस्टिकची टोपी, म्हणजे जंपर, बसवून ठरवायचं. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कला तर केबलवर ती एकटीच आहे की सोबत स्लेव्ह आहे हेही वेगळं सांगावं लागे. सोबतीण आली आणि जंपर हलवला नाही, तर दोन्ही डिस्क ठणठणीत असूनही सुरू होताना घोळ व्हायचा. त्या काळाबद्दल हळवं होणारे लोक मला कळत नाहीत. तो जंपर नेहमी टेबलाखाली पडायचा.

२००३ मध्ये साटा आलं आणि प्रत्येक डिस्कला आपली स्वतंत्र केबल मिळाली. मोठा-धाकटा हा प्रश्नच उरला नाही. त्याच्या खोबणीला इंग्रजी एल सारखा आकार आहे. उलटी घालू म्हटलं तरी जात नाही. डेटाला सात पट्ट्या, विजेला पंधरा. नीट पाहिलं तर त्यातल्या काही पट्ट्या इतरांपेक्षा किंचित पुढे आलेल्या दिसतात. त्या अर्थिंगच्या. जोडताना त्या सर्वांत आधी टेकतात, मग वीज आणि डेटा. काढताना त्या शेवटी सुटतात. आधी जमीन, मग प्रवाह, हा क्रम वापरणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर सोडलेला नाही, तो धातूच्या लांबीत आहे. एवढी समज असलेली वस्तू दोन-चार पैशांच्या प्लॅस्टिकमध्ये मिळते आणि आपण ती दाताने सोलतो.

काढण्याआधी एक गोष्ट मात्र माणसालाच आठवावी लागते. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ हे पुरतं शट डाउन नसतं. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून यंत्र काही भाग झोपवून ठेवतं, आणि दुसऱ्या डिस्कचाही हिशेब अर्धा उघडा राहू शकतो. शिफ्ट दाबून बंद केलं की तो मिटतो. अनेक ‘डेटा उडाला’ या कहाण्यांची सुरुवात इथे असावी असा माझा संशय आहे.

वाहतुकीची भीती लोकांना उगाच जास्त वाटते. बंद डिस्कचं हेड चकतीवरून उचलून बाजूला ठेवलेलं असतं. साडेतीन इंची डिस्क चालू असताना साधारण ७०-८० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) चा क्षणिक धक्का सोसते, बंद असताना ३०० च्या आसपास. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीला जे भूकंपाचे धक्के बसत राहिले त्यांचं त्वरण याच्या जवळपासही जात नाही. टेबलावरून फरशीवर पडलेली डिस्क मात्र हा आकडा सहज ओलांडते. तेव्हा डहाणू लोकलमध्ये मांडीवर डिस्क घेऊन बसलेल्या माणसाने रुळांच्या खडखडाटाला घाबरू नये, शेजाऱ्याच्या कोपराला घाबरावं.

नव्या पीसीत बसवली, बटण दाबलं. आधी मोटरचा चढत जाणारा घूं, मग हेड बाहेर येतानाची एक हलकी टिक. तो आवाज एकदाच आला पाहिजे. पुन्हा पुन्हा येऊ लागला तर तिथेच वीज बंद करावी. त्यानंतरचं प्रत्येक चालू करणं नुकसानीत भर घालतं. एक टिक आणि मग शांतता, इतकं झालं की डिस्क आली.

आली, पण डी म्हणून आलीच असं नाही. ड्राइव्हचं अक्षर डिस्कच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ते प्रत्येक विंडोज आपल्या दप्तरात ठेवतं. नव्या पीसीत डी पुष्कळदा आधीच कुणीतरी घेतलेलं असतं, म्हणून पाहुणी ई होते. फोटोंना फरक पडत नाही. फॅब्रिकेटरच्या ऑटोकॅडला पडतो. टाकीच्या मुख्य ड्रॉइंगमध्ये नोझल आणि फ्लँजची जी ड्रॉइंग बाहेरून जोडलेली असतात, त्यांचा पत्ता डी पासून लिहिलेला. उघडलं की टाकी दिसते, नोझल गायब. २०१८ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅडने सापेक्ष पत्ता हा मूळ पर्याय केला, पण गाळ्यातली कामं त्याआधीची असतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर परत डी केलं की सगळे नोझल जागच्या जागी.

मग एखाद्या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नाही. स्वतःच्याच फोल्डरला. गुणधर्मांत पाहिलं तर मालकाच्या जागी नाव नाही, एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांबलचक आकड्यांची ओळ. डिस्कने मालकाचा क्रमांक इमानाने जपला, पण तो क्रमांक कोणाचा हे सांगणारी वही जुन्या पीसीच्या सी मध्ये राहिली. सरकारी नोकराची बदली व्हावी, तो वेळेवर हजर व्हावा आणि सर्व्हिस बुक मागच्याच कार्यालयात असावं, तशी ही अवस्था. मालकी नव्याने घेता येते. अवघड नाही, फक्त फाइली जास्त असल्या तर वेळ खातं.

आणि इथेच ही साधी अदलाबदल मला वाचनीय वाटू लागते. डिस्क एकही बाइट न गाळता येते, तरी अर्थ अर्धाच येतो. पत्ता तिच्याकडे, अक्षर नाही. क्रमांक तिच्याकडे, नाव नाही. काय काय आपल्या डी मध्ये कधीच नव्हतं, हे डी हलवल्याशिवाय कळत नाही.

टॅली या परीक्षेत सर्वांत चांगली उतरते. ईआरपी ९ च्या काळातल्या कंपनीचा सगळा संसार १०००० किंवा १०००१ अशा पाच आकडी फोल्डरमध्ये. तो दाखवला की खाती, बिलं, जीएसटी हजर. उणीव एकच, लायसन्स यंत्राला बांधलेलं असतं. जुन्यावरून ते सरेंडर न करता पीसी भंगारात दिला, तर ते सोडवून घेईपर्यंत नव्यावर टॅली शैक्षणिक मोडमध्ये उघडते आणि महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेते. मार्च अखेरीस हे घडलं तर ३१ तारीख तरी मिळते, असं समाधान मानणारे अकाउंटंट असतात.

सर्वांत वाईट अवस्था पालघर-बोईसरच्या डीटीपीवाल्यांची. त्यांच्या डी मध्ये वीस-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या निवडणुकांची पत्रकं, शाळांचे अहवाल, कोरल ड्रॉच्या फाइलींत. युनिकोड रुळण्याआधीच्या त्या फाइली श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये बांधलेल्या. त्यात ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा वापरलेल्या असतात, आणि त्या जागी कोणता आकार काढायचा हे फक्त त्या फॉन्टला माहीत. फॉन्ट राहतो सी मध्ये, विंडोजच्या पोटात. नव्या पीसीवर पत्रिका उघडली की कोरल हरवलेल्या फॉन्टची यादी देतं आणि मध्ये रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. कडेची वारली नक्षी मात्र जशीच्या तशी, तारपेवाल्याभोवतीचा फेर एका रेषेनेही न हललेला, कारण ती रेषांनी काढलेली. वर-वधूची नावं तेवढी गेली.

सावध डीटीपीवाला छपाईला पाठवताना ‘कंट्रोल क्यू मारतो’. त्याने अक्षरांचे आकार होतात, फॉन्टची गरज संपते. त्या फाइली सुखरूप येतात, पण त्यातली वेलांटी आता कोणी सुधारू शकत नाही. म्हणून जाणते लोक दोन प्रती ठेवतात, एक कर्व्ह केलेली आणि एक जिवंत. जिवंत प्रतीला जुना फॉन्ट हवाच.

तो आणायची एक वाट आहे. जुना पीसी मदरबोर्डाने मेलेला असला तरी त्याची सी डिस्क बहुधा जिवंत असते. ती काढून नव्या यंत्राला लावायची, सुरू होताना बूट तिच्यावरून होत नाही ना एवढं बघायचं, आणि तिच्या विंडोज फोल्डरमधले फॉन्ट उचलायचे. नव्या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंचांची दुसरी जागा पुष्कळदा नसते, म्हणून ती बाहेर यूएसबीवर टांगावी लागते, तीही वेगळ्या अडॅप्टरसह, कारण साध्या यूएसबीतून पाच व्होल्ट येतात आणि तिच्या मोटरला बारा लागतात. एवढी वर्षं जिला कोणीही बिनदिक्कत फॉरमॅट मारत आलं, ती सी आता एफ होऊन टेबलावर घूं करत असते, आणि श्री-लिपीचे फॉन्ट तिच्यातून कॉपी होईपर्यंत दुकानात कोणी टेबलाला हात लावू देत नाही.