प्रस्तुत संशोधक कोण?

सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांतून शिवाजी विद्यापीठाकडे जाणारा मराठी प्रबंध उघडला, की सुरुवातीच्या पानांत ‘मी’ भरपूर भेटतो. प्रतिज्ञापत्रात तो जाहीर करतो, ऋणनिर्देशात आईवडिलांपासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांचा ऋणी असतो. पहिले प्रकरण लागले की हा माणूस बेपत्ता. त्याच्या जागी ‘प्रस्तुत संशोधक’ येतो, आणि तोही थकला की ‘असे दिसून येते’. कोणाला दिसून येते, हे विचारायची सोय नाही.

याचे खापर इंग्रजीवर फोडतात. ते आता टिकत नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची लेखनपुस्तिका सामाजिक शास्त्रांत जगभर वापरली जाते. एकट्या लेखकाने स्वतःसाठी ‘आय’ लिहावे, ‘वी’ लिहू नये, असे २०१९ साली निघालेली तिची सातवी आवृत्ती सांगते. स्पॅनिश आपल्याला अधिक जवळची. तिथे क्रियापदाच्या प्रत्ययातच कर्ता कळतो, म्हणून सर्वनाम सहज गळते. एकटा लेखकही विनयाने अनेकवचनी क्रियापद वापरतो, नाहीतर ‘से’ लावून कर्ताच पुसतो. आपले ‘करण्यात आले’ त्याच जातीचे. मराठीचा पेच पुढचा आहे. ‘मी मानतो’ किंवा ‘मी मानते’ म्हटले की लिहिणारा पुरुष की बाई, ते उघड होते. ‘मी तपासले’ म्हणताना तेवढी सुटका. बायकांच्या प्रबंधांतही पुल्लिंगी ‘संशोधकाने’ दिसते, त्यामागे या उघडे पडण्याचाच संकोच असावा असे मला वाटते.

या मुलखातले जुने लेखन इतके भित्रे नव्हते. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८२ सालच्या कैदेवर ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ लिहिले. त्यातले ‘आमचे’ खरेखुरे अनेकवचन, कारण सोबत टिळक होते. अग्रलेखातले ‘आम्ही’ निराळे: मत एकाचे, वजन पत्राचे. पण दोन्हींत मत कोणाचे, हे वाचकाला कळत होते.

वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. त्याच्या नोंदींत ‘मी’ नाही, आणि नसावाच. नोंद म्हणजे मान्य झालेल्या ज्ञानाची मांडणी, आणि जबाबदारीपुरते लेखकाचे नाव खाली असतेच. प्रबंधाला मात्र वाद घालायचा असतो. आमच्या प्रबंधांनी कोशाचा सूर उचलला आणि त्या सुरामागची शिस्त वाईलाच ठेवली.

उलट उदाहरणही इथलेच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात आयुष्य काढलेल्या गेल ऑम्व्हेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरचा बर्कलेचा प्रबंध १९७६ साली पुस्तकरूपाने आला. १९८०च्या ‘वुई विल स्मॅश धिस प्रिझन’मध्ये त्या भारतीय स्त्रियांच्या लढ्याबद्दल लिहितात, आणि शीर्षकातच ‘वुई’ आहे. त्या ‘वुई’त लेखिका आहे का, वाचक आहे का, ते इंग्रजी मोघम ठेवू शकते. मराठीत आधीच ठरवावे लागते: ‘आम्ही’ की ‘आपण’. ‘आम्ही’ वाचकाला दाराबाहेर ठेवते. ‘आपण’ त्याला न विचारता आत ओढते. ‘आपण पाहिले की’ म्हणत न पाहिलेल्या गोष्टी कबूल करून घेणारे निष्कर्षाचे प्रकरण मला सर्वांत संशयास्पद वाटते.

आगरकरांच्या टेंभूपाशी उचललेले कृष्णेचे पाणी आज आटपाडी, खानापूरच्या दुष्काळी माळांवर जाते. समजा, तिथलाच एखादा तरुण याच पाण्यावर प्रबंध लिहितो. मुलाखती देणारे त्याचे भाऊबंद, कदाचित त्याचे स्वतःचे शिवारही लाभक्षेत्रात. ‘प्रस्तुत संशोधकाने निवडक शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या’ या वाक्यात यातले काहीच उरत नाही. खुद्द चुलत्याची मुलाखत ‘उत्तरदाता क्रमांक सात’ होते. परीक्षकाला ही माहिती हवी, कारण त्यावरच विदेचे मोल ठरते. आणि तोंडी परीक्षेत हाच तरुण ‘आमच्याकडं पाणी आलं तेव्हा’ असे सहज बोलून जातो.