एकाच वाचकाचे वाङ्मय

दिवाळी अंकात परीक्षण लिहायचे म्हणजे वर्षभरात आलेल्या दोन-चार कादंबऱ्या आणि एखादा कवितासंग्रह पुढ्यात घेऊन बसायचे, अशी आपली रीत आहे. यंदा मी ही रीत थोडी मोडणार आहे. ज्या वाङ्मयाविषयी मला लिहायचे आहे, ते दरसाल लक्षावधी पृष्ठे भरून लिहिले जाते. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत असे घर क्वचितच सापडेल, की जिथे कोणी ना कोणी ते लिहिलेले नाही. ते छापले जात नाही. त्याला मुखपृष्ठ असते, पण त्यावर लेखकाचे नाव नसते. बैठक क्रमांक असतो. आणि त्याला वाचक असतो, तो बहुधा एकच. हे वाङ्मय म्हणजे परीक्षेची उत्तरपत्रिका.

वाचकांनी ही थट्टा समजू नये. पुस्तकाची समीक्षा करणे याला आपण ‘परीक्षण’ म्हणतो, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ‘परीक्षक’. ‘मूल्यमापन’ हा शब्द तर साहित्यसमीक्षेच्या दालनातून विद्यापीठाच्या कचेरीत आणि तिथून परत असा सारखा ये-जा करीत असतो. दोन्हीकडे काम एकच आहे : दुसऱ्याने लिहिलेले मन लावून वाचायचे आणि त्याचे मोल ठरवायचे. फरक इतकाच, की कादंबरीला एका समीक्षकाने झोडपले तरी दुसरा तिला उचलून धरतो; उत्तरपत्रिकेला दुसरा वाचक मिळवायचा तर अर्ज करावा लागतो आणि पैसे भरावे लागतात. म्हणून त्या एकमेव वाचकाचे वाचणे कसे होते, हा प्रश्न माझ्या मते कोणत्याही वाङ्मयीन वादाइतकाच गंभीर आहे.

माझे वडील शाळामास्तर होते. उन्हाळ्यात आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येत. ते आले की आम्हां मुलांना त्या खोलीत मज्जाव असे. वडील लाल शाईची दौत आणि टाक घेऊन बसत. जेवणापूर्वी इतक्या, दिवेलागणीपूर्वी इतक्या, असा त्यांचा हिशेब असे. आई रात्री बेरजा पडताळून पाही. नियमात ते बसत नव्हते हे आज मला कळते. परंतु तिने पकडलेल्या चुका आठवल्या, की कित्येक मुलांवर तिचे न कळत उपकार झाले असे वाटल्याशिवाय राहत नाही. एखाद्या पत्रिकेपाशी वडील थांबत, चष्मा काढून पुसत आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागत. तसे थांबलेले वडील माझ्या डोळ्यांपुढे आजही आहेत.

पण म्हणून जुने ते सारे सोने, असे म्हणण्याची माझी तयारी नाही. परीक्षकाचे वाचन किती लहरी असते, हे फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. १८८८ साली एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने परीक्षांच्या गुणांत दैवाचा वाटा किती मोठा असतो, हे गणिताने मांडून दाखवले. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला धाडली. तिला कोणी पन्नाशीत गुण दिले, तर कोणी नव्वदीच्याही पुढे. लिहिणारा तोच, अक्षर तेच, शब्द तेच! आमच्या घरातही पहिल्या गठ्ठ्याला मिळणारे औदार्य शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत टिकत नसेल, असा मला संशय आहे. सुंदर अक्षराला दोन गुण जास्त पडत, आणि पहिले उत्तर उत्तम असले की पुढच्या सामान्य उत्तरांवरही त्याचा उजेड पडे. समीक्षकाच्या बाबतीत आपण याला पूर्वग्रह म्हणतो. परीक्षकाच्या बाबतीत त्याला नशीब म्हणायची पद्धत आहे.

या दोषांवर उपाय म्हणून पडद्यावरची तपासणी आली. तिची रीत समजून घेण्याजोगी आहे. पत्रिकेचा दोरा कापतात, शिवण उसवतात, पाने सुटी करून यंत्रातून काढतात. प्रत्येक पानाचे चित्र संगणकात जाते. नावनिशाणी झाकलेली असते. ओळख पटते ती बारकोडवरून. प्राध्यापक आपल्या परवलीच्या शब्दाने आत शिरतो, आणि पडद्यावर एका बाजूला पान व दुसऱ्या बाजूला गुणांचे रकाने अशी मांडणी त्याला दिसते. एखादा प्रश्न तपासायचा राहिला तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. बेरीज यंत्रच करते. माझ्या आईचे काम संपले, आणि ते योग्यच झाले. पत्रिका गहाळ होण्याची, पावसात भिजण्याची भीती कमी. विद्यार्थ्याला प्रत हवी असेल तर ती लगेच काढता येते. हाँगकाँगच्या परीक्षा मंडळाने २००७ पासून ही पद्धत सुरू केली, आणि भाषेच्या उत्तरपत्रिका दोन-दोन परीक्षकांकडून वाचून घेणे तिथे तिच्यामुळे सोपे झाले. एका वाचकाचे दोन वाचक झाले! या एका गोष्टीसाठी मी यंत्राचे सारे अपराध पोटात घालायला तयार आहे.

आपल्याकडे काय झाले? १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पत्रिका आधीची काही वर्षे पडद्यावर तपासल्या जात होत्या. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांना सगळ्याच शाखांसाठी ही पद्धत एकदम लागू झाली. परीक्षा ४७७, उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. त्याच वर्षी अमलात आलेल्या राज्याच्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवे होते. जुलै उजाडला तरी तपासणी पुरी झालेली नव्हती. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. वर्ग बंद ठेवून प्राध्यापकांना संगणकापुढे बसवण्यात आले, नागपूरसारख्या दुसऱ्या विद्यापीठांतील अध्यापकांची मदत घेण्यात आली. गणपती आले आणि गेले, २९ ऑगस्टच्या पावसाने मुंबई बुडाली आणि वर आली, तरी काही निकाल यायचेच होते. ते पूर्ण व्हायला सप्टेंबर उजाडला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होते. पुढच्याच आठवड्यात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणाचा दोष अनेकांनी यंत्राच्या माथी मारला. मला तो निवाडा पटत नाही. १७ लाख पत्रिका म्हणजे कितीतरी कोटी पाने. ती सुटी करायची, प्रत्येकाची पुरवणी त्याच्याच मुख्य पत्रिकेला जोडलेली ठेवायची, आणि तपासणाऱ्या हजारो माणसांना आधी शिकवून तयार करायचे, हे काम काही वर्षे पायरीपायरीने करण्याचे होते. कादंबरीचे पहिले प्रकरणही न लिहिता प्रकाशनाची तारीख जाहीर करणाऱ्या लेखकासारखा हा व्यवहार झाला. दोष टाकाचा नव्हे, घाईचा होता. त्याचबरोबर आम्हां शिक्षकांनाही मी मोकळे सोडणार नाही. ‘संगणकावर वाचता येत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांत डोळ्यांच्या त्रासाने खरोखर बेजार झालेले होते, तसे आपण एका दिवसात किती पत्रिका ‘वाचतो’ हे यंत्र मोजू लागले म्हणून अस्वस्थ झालेलेही होते.

आता घाईचा भाग वजा करू आणि पद्धतीचेच परीक्षण करू. माझ्या दृष्टीने तिच्यातला सगळ्यात विचार करण्यासारखा मुद्दा असा, की पडद्यावर वाचनाची दिशा बदलता येते. कागदावर परीक्षक एका विद्यार्थ्याची सगळी उत्तरे वाचून मग दुसऱ्याकडे वळतो. पडद्यावर सर्व विद्यार्थ्यांचे पहिले उत्तर आधी, मग सर्वांचे दुसरे, असेही वाचता येते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातील काही तरुण अध्यापन-साहाय्यकांनी काढलेल्या ग्रेडस्कोप या प्रणालीचा पाया हाच. सारखी उत्तरे एकत्र करायची, कोणत्या चुकीला किती गुण कापायचे ते एकदा ठरवायचे. पुढे तो विचार बदलला, तर तो आधी तपासलेल्या सर्वांनाही आपोआप लागू होतो. गणिताला, शास्त्राला याहून न्याय्य रीत मला दिसत नाही. पहिल्या गठ्ठ्याचे औदार्य आणि शेवटच्या गठ्ठ्याचा वैताग या दोहोंना इथे फारसा वाव उरत नाही.

परंतु भाषेच्या आणि इतिहासाच्या उत्तरपत्रिकेचे काय? ती सात सुट्या उत्तरांची बेरीज आहे की एका मुलाने तीन तासांत लिहिलेली एक सलग रचना आहे? कवितासंग्रहाविषयी आपण हाच प्रश्न विचारतो. एकेक कविता अलग काढून तिला गुण देता येतात. पण कवी कळतो तो संग्रह सलग वाचल्यावर. पहिल्या उत्तरात अडखळणारी, तिसऱ्यात सूर सापडलेली आणि शेवटच्या प्रश्नाला वेळ संपत आल्यामुळे अक्षर वाकडे झालेली मुलगी कागदावर दिसते. प्रश्नवार वाचनात ती दिसत नाही. दिसतो तो तिचा चौथा प्रश्न. ती दिसावी की दिसू नये? न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते हे मला ठाऊक आहे. पण समीक्षकाच्या डोळ्यांवर पट्टी असावी, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परीक्षक हा थोडा न्यायाधीश आणि थोडा समीक्षक असतो. यंत्राने त्याच्यातला न्यायाधीश बळकट केला आणि समीक्षकाला घरी बसवले, असा माझा निष्कर्ष आहे.

आमच्या शेजारी एक मुलगी राहते. मध्यंतरी तिने एका परीक्षेत अपेक्षेहून फार कमी गुण पडले म्हणून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि ती घेऊन माझ्याकडे आली. पंचवीस-तीस स्वच्छ पाने होती. रकान्यात गुण होते, बेरीज बिनचूक होती. पण पानांवर कुठे एक खूण नव्हती, अधोरेखा नव्हती, काट नव्हती. तिने विचारले, “काका, कमी गुण मिळाले त्याचं एवढं वाटत नाही हो. पण हे कुणी वाचलं तरी असेल का?”

मला उत्तर देता आले नाही. वाचलेही असेल. कागदावरची प्रत्येक लाल खूणसुद्धा वाचनाचा पुरावा नसते. चाळता चाळता रेघा ओढणारे परीक्षक मी पाहिले आहेत. पण तिच्या प्रश्नात दुखणे होते ते गुणांचे नव्हते. लिहिणाऱ्याला वाचक हवा असतो. आपण चुकलो असलो तर कुठे चुकलो, हे कुणीतरी थांबून पाहिले, एवढा दिलासा त्याला पुरतो.

म्हणून या पद्धतीविषयी माझे मत थोडक्यात असे. पडदा असू द्यावा. बेरजा यंत्राने कराव्यात, नावे झाकावीत, प्रती काढून द्याव्यात. पण निबंधवजा उत्तरांना दोन वाचक असावेत, आणि प्रत्येकाने पानावर निदान एक ओळ लिहिण्याची सक्ती असावी. पडद्यावर ती टंकता येते. एका परीक्षकाने दिवसाला किती पत्रिका वाचाव्यात, याची वरची मर्यादाही यंत्रानेच घालावी. जे यंत्र प्रश्न तपासायचा राहिला तर पुढे जाऊ देत नाही, त्याला घाई करणाऱ्याला थांबवणे कठीण नाही. आता तर हस्ताक्षर स्वतःच वाचून गुण सुचवणाऱ्या प्रणाली येऊ लागल्या आहेत. त्यांचे गुण अचूक असतीलही. पण त्या दिवशी या वाङ्मयाचा तो एकुलता एक वाचकही उरणार नाही, आणि मुले कुणासाठी लिहितात या प्रश्नाला आपल्याला काहीतरी उत्तर द्यावे लागेल.

त्या मुलीची प्रत माझ्याकडेच राहिली होती. परवा दिवाळीच्या साफसफाईत ती सापडली, तेव्हा मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिसरे उत्तर खरोखर चांगले आहे. पाचव्यात ती विषय सोडून वाहत गेली आहे. समासात पेन्सिलीने तसे लिहून ठेवले आहे. फराळाचे ताट घेऊन येईल तेव्हा तिच्या हाती देणार आहे.