कार्यविधीची भाषा आणि 'अधिकारी'

१

कोणत्याही व्यवसायाचे ज्ञान दोन प्रकारच्या लेखनात साठविलेले असते. एका प्रकारात वस्तूचे स्वरूप सांगितलेले असते. दुसऱ्यात काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणी करावे हे सांगितलेले असते. पहिल्या प्रकाराची चिकित्सा विद्यापीठांतून पुष्कळ होते. दुसरा प्रकार मात्र कारकुनी समजला जाऊन अभ्यासकांच्या दृष्टीबाहेर राहतो. वस्तुतः रुग्णाच्या खाटेपाशी, न्यायालयात आणि वर्गात ज्या लेखनावर प्रत्यक्ष व्यवहार चालतो ते हेच होय. त्यातील एखादे वाक्य संदिग्ध राहिले तर त्याचे मोल वाचकाला नव्हे, तर तिसऱ्याच कोणाला तरी द्यावे लागते. म्हणून या लेखनाचीही समीक्षा व्हावयास हवी, आणि ती केवळ विषयतज्ज्ञांनी नव्हे तर भाषेच्या अभ्यासकांनीही करावयास हवी.

प्रश्न मूर्त स्वरूपात पाहावयाचा तर धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरील गाव घ्यावे. मराठी येथील व्यवहाराची भाषा आहे. परंतु कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने कन्नड कानावर पडते, दखनी उर्दू घरोघर बोलली जाते आणि परिसरातील तांड्यांवर गोरमाटी चालते. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता व वरच्या कारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. म्हणजे आजची कारभारी मराठी येथे फार जुनी नाही. याच भाषेत लिहिलेल्या सूचना हाती घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राची परिचारिका आणि गावची आशा कार्यकर्ती नवजात बालकाच्या घरी जातात.

कार्यविधीची कल्पना मात्र या परिसरास नवी नाही. अणदूर व नळदुर्गाजवळील मैलारपूर यांमध्ये खंडोबाची मूर्ती दरवर्षी नेली-आणली जाते आणि त्या वेळी उभय गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. कोणी न्यावयाची, कोणाच्या हाती द्यावयाची, परत केव्हा आणावयाची, हे ठरलेले असते. श्रद्धेच्या क्षेत्रातही कर्ता, काल आणि क्रम निश्चित करण्याची निकड लोकांना भासली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

२

विधिवाक्यांचा सर्वांत सूक्ष्म विचार आपल्याकडे मीमांसाशास्त्राने केला. तो यज्ञकर्मासाठी होता हे खरे. तथापि त्यातील भेद आधुनिक कार्यविधीस चपखल लागू पडतात. मीमांसक विधीचे चार प्रकार मानतात. कोणते कर्म करावयाचे हे सांगणारा तो उत्पत्तिविधी; त्या कर्माला कोणती साधने व अंगे जोडावयाची हे सांगणारा विनियोगविधी; अंगांचा क्रम ठरविणारा प्रयोगविधी; आणि ते कर्म करण्यास पात्र कोण हे सांगणारा अधिकारविधी. चांगल्या मार्गदर्शक लेखनात या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत.

दुसरा भेद विधी, नियम आणि परिसंख्या असा आहे. अन्य कोणत्याही मार्गाने न कळणारी गोष्ट सांगणे हा विधी. अनेक मार्ग शक्य असता त्यांतील एकच ठरवून देणे हा नियम. धान्याचा कोंडा नखांनीही काढता येईल, पण तो कांडूनच काढावा, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आणि जे वाक्य वरवर विधान करते, परंतु ज्याचा खरा रोख इतर गोष्टी वर्ज्य करण्याकडे असतो, ती परिसंख्या. 'पहिले सहा महिने बाळास आईचेच दूध द्यावे' हे वाक्य घ्यावे. आईचे दूध द्यावे हे सांगण्यासाठी कोणत्याही शास्त्राची गरज नाही. वाक्याचा खरा अर्थ असा की मध, गूळपाणी, घुटी आणि साधे पाणीदेखील देऊ नये. हा सारा निषेध 'च' या एका अव्ययावर उभा आहे. बोलताना ते अव्यय निसटले, किंवा मराठी दुसरी भाषा असलेल्या बाईच्या कानांनी ते टिपले नाही, तर परिसंख्येचा साधा विधी होतो आणि आई दुधाबरोबर घुटीही देत राहते. तिने सूचना मोडलेली नसते. तिच्यापर्यंत पोचलेली सूचनाच निराळी असते. अशा ठिकाणी निषेध स्वतंत्र वाक्यात, वर्ज्य पदार्थांची नावे घेऊन लिहिणे हाच योग्य मार्ग होय.

३

मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) आख्यातांच्या अर्थांची विस्तृत चर्चा आहे. मराठीत सूचना देण्यास आज्ञार्थ आणि विध्यर्थ अशी दोन रूपे सहज उपलब्ध आहेत: 'श्वास मोजा' आणि 'श्वास मोजावेत'. पहिल्यात समोरचा श्रोता गृहीत असतो. दुसऱ्यात कर्तव्याचा सूर असतो आणि कर्ता सांगावयाचा झाल्यास 'आशाने' असा तृतीयान्त घालता येतो. परंतु कारभारी मराठीने तिसरेच रूप लाडके केले आहे: 'श्वास मोजण्यात यावेत'. या रचनेत कर्त्याला जागा उरत नाही. 'आशाने श्वास मोजण्यात यावेत' असे कोणी बोलत नाही.

नमुन्यादाखल एक वाक्य योजावे: 'धोक्याची लक्षणे आढळून आल्यास बालकास तत्काळ संदर्भित करण्यात यावे.' कोणती लक्षणे, कोणास आढळून आल्यास, संदर्भित म्हणजे काय, ते कोणी करावयाचे, आणि वाहन कोणी आणावयाचे? 'संदर्भित' हा शब्द इंग्रजी संज्ञेचा प्रतिशब्द म्हणून घडला. घरात त्याचा उच्चार कोणी करीत नाही. हेच वाक्य असे होऊ शकते: 'बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल किंवा श्वास घेताना छाती आत जात असेल, तर आशाने त्याच घरातून रुग्णवाहिकेस फोन करावा आणि बाळासोबत दवाखान्यात जावे.' हे वाक्य लांब आहे. पण त्यात उत्पत्ती, विनियोग, प्रयोग व अधिकार हे चारही सापडतात.

'ण्यात यावे' या रचनेचे एक समर्थन करण्यात येते व ते विचारार्ह आहे. कचेरीत माणसे बदलतात, पद टिकते. म्हणून व्यक्तीचा उल्लेख टाळणे इष्ट, असे म्हणतात. परंतु या युक्तिवादातून पदाचाही उल्लेख टाळावा असे निष्पन्न होत नाही. 'वैद्यकीय अधिकाऱ्याने', 'परिचारिकेने', 'आशाने' असे लिहिल्याने कोणाचेही नाव येत नाही, जबाबदारी मात्र येते. कर्तृलोपाचा खरा परिणाम निराळाच आहे. कागद वरून निघतो तेव्हा त्याला कर्ता नसतो. तो खाली पोचतो तेव्हा ज्याच्या हाती तो शेवटी पडला तोच कर्ता ठरतो. बालक दगावले तर चौकशीत प्रश्न विचारला जातो तो सर्वांत कमी मोबदला घेणाऱ्या बाईला.

४

कार्यविधीने काय साधते याचा महाराष्ट्रातील सर्वश्रुत दाखला गडचिरोलीचा आहे. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने बालकांतील न्यूमोनिया घरीच ओळखता यावा म्हणून श्वासमापक तयार केला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या रांगा होत्या. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आली की न्यूमोनिया समजावयाचा. दोन महिन्यांखालील बाळांची रांग वेगळी, मोठ्या बालकांची वेगळी. ज्या दाईला मोठी संख्या मोजता येत नव्हती तिच्या हाती निदानाचा नियम शब्दांवाचून आला. त्याचबरोबर लोकांच्या तोंडचा 'डब्बा' हा शब्द बाजूस न सारता, लोक ज्याला डब्बा म्हणतात त्याची लक्षणे वैद्यकाच्या लक्षणांशी जोडून घेण्यात आली. पुढे नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा ३९ गावांतील प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले होते. २०११ पासून आशांच्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी, अशा सहा भेटी ठरल्या. घरी जन्म झाल्यास पहिल्या दिवसाची भेट अधिक.

जागतिक क्षेत्रात तपासणीसूचीचा प्रसार याच सुमारास झाला. विमानचालनात तिचा उगम १९३५ च्या एका अपघातात आहे: बोइंगचे नवे विमान उड्डाणापूर्वी एक कळ सोडवावयाची राहिल्याने कोसळले, आणि वैमानिक अनुभवी असतानाही हे घडले म्हणून सूची आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची सूची दिली. आठ रुग्णालयांतील अभ्यासात मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १०१ रुग्णालयांत सूची सक्तीची केली तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही, असे २०१४ मध्ये दिसून आले. त्याहून बोलका दाखला उत्तर प्रदेशाचा आहे. तेथे १२० प्रसूतिकेंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या सूचीचा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांत सूची व मार्गदर्शक देण्यात आले. दोन महिन्यांनंतर या केंद्रांत अपेक्षित कृतींपैकी शेकडा ७३ घडत होत्या, इतर केंद्रांत ४२. असे असूनही माता व बालकांचे मृत्यू आणि मातांचे गंभीर आजार यांचे एकत्रित प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, शेकडा १५.१ आणि १५.३ राहिले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या दोन प्रकारच्या निष्पत्तींचा मेळ कसा घालावयाचा? सूची निरुपयोगी, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. मीमांसेतील अधिकाराची कल्पना येथे उपयोगी पडते. अधिकारी म्हणजे केवळ ज्याला आज्ञा झाली तो नव्हे. त्याच्या ठिकाणी त्या कर्माचे ज्ञान व सामर्थ्य आणि त्याच्या हाताशी द्रव्य असावे लागते. त्यावाचून विधी त्याला लागू होत नाही. गडचिरोलीच्या आरोग्यदूत स्त्रीला मण्यांबरोबर प्रशिक्षण मिळाले, हाताशी औषध मिळाले, आणि तिची देखरेख करणारा माणूस ठरावीक दिवशी येत राहिला. तिचा नियम तिच्या सामर्थ्याच्या मापाने लिहिलेला होता. सूची विसरलेले आठवून देते. जे कौशल्य मुळात नाही, जे रक्त किंवा जी शस्त्रक्रिया जवळ उपलब्ध नाही, ते ती आणून देऊ शकत नाही. उत्तर प्रदेशातील आकड्यांचे कारण निःसंशयपणे एकच आहे असे नव्हे. तथापि कृती वाढूनही फळ न मिळणे याचा हा अर्थ सर्वांत सयुक्तिक वाटतो. जळकोटाच्याच रस्त्यावरील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. त्या नावातच अधिकाराचा स्वीकार आहे: सूचना पाळणारी मदतनीस नव्हे, तर वैद्य.

५

हीच कसोटी इतर व्यवसायांसही लावता येते. पंचनामा हा मराठीतील जुना व नमुनेदार कार्यविधीलेख. त्यात 'आम्ही पंच' असे बोलणाऱ्यांचे नाव, ठिकाण व वेळ स्पष्ट असते. या दृष्टीने तो कारभारी परिपत्रकाहून सरस आहे. परंतु त्याचा दोष नेमका उलट बाजूस आहे. बोलणारे पंच असतात, शब्द लिहिणाराचे असतात. आणि साचा इतका घट्ट असतो की पाहिलेले व साच्यात बसविलेले यांतील सीमारेषा पुसली जाते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले, ही या दुर्बलतेची एक प्रकारे कबुलीच होय. शिक्षकाच्या पाठ टाचणाविषयी थोडक्यात एवढेच म्हणता येईल की ते वर्गासाठी लिहिले जाते तेव्हा साधन असते आणि तपासनिसासाठी लिहिले जाते तेव्हा ओझे होते.

६

कार्यविधीवरील मुख्य आक्षेप असा की तो विवेकाची जागा घेतो; वैद्य हा पाकशास्त्राचे पुस्तक पाहून रांधणारा होतो. आयुर्वेदातील संहितांनीही देश, काल, वय व बल पाहूनच चिकित्सा करावी असे बजावले आहे. आक्षेपात तथ्य आहे; परंतु तो कार्यविधीच्या निकृष्ट रूपास लागू पडतो. मीमांसकांनी कठोर विधीच्या पोटातच ऊह आणि बाध यांची सोय केली होती. देवता बदलली की मंत्रातील नाव बदलावे, हा ऊह. आणि धान्याऐवजी सोन्याचे कण शिजवावयाचे असतील तर कांडणे आपोआप गळते, कारण काढावयास कोंडाच नाही, हा बाध. प्रयोजन नाहीसे झाले की अंगही नाहीसे होते. यासाठी विधीबरोबर त्याचे प्रयोजन सांगितलेले असावे लागते. 'दर तासाला तापमान घ्यावे' एवढेच लिहिले तर कार्यकर्ती ते यंत्रवत् करील किंवा सोडून देईल. 'बाळ गार पडल्याचे लवकर कळावे म्हणून' ही सहा पदे जोडली की तापमापक फुटलेल्या दिवशी ती बाळाचे तळपाय हाताने पाहील. विवेक हा कार्यविधीच्या बाहेर राहत नाही; प्रयोजन लिहिले असेल तर तो त्याच्या आतच वावरतो.

तेव्हा मार्गदर्शक लेखनाच्या परीक्षणाची सूत्रे तीन ठरतात. वाक्यात कर्ता असावा. विधानाबरोबर प्रयोजन असावे. आणि ज्याला कर्ता केले त्याच्या हाती ते कर्म पार पाडण्याचे सामर्थ्य खरोखर दिलेले असावे. पहिली दोन सूत्रे भाषेची आहेत व मराठी विभागांना त्यांत काम करण्यास वाव आहे: परिपत्रके व पुस्तिका छापण्यापूर्वी त्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांना वाचून दाखवाव्यात, आणि ऐकणारीने काय समजून घेतले ते तिच्याच शब्दांत परत विचारावे. तिसरे सूत्र भाषेच्या हाती नाही. परंतु त्याचा अभाव झाकण्याचे काम भाषा करते तेव्हा तो दाखवून देणे हे भाषेच्या अभ्यासकाचेच काम ठरते. मराठीत 'अधिकारी' हा शब्द आज हुकूम काढणाऱ्यास लावतात. मीमांसेत तो कर्म करण्यास समर्थ असणाऱ्याचा वाचक होता. जळकोटासारख्या गावी तांड्यावरच्या घरात बाळाचे श्वास मोजीत बसलेल्या आशेला हे दुसरे अधिकारीपण मिळाले आहे की नाही, यावरच तिच्या हातातील कागदाचे मोल ठरावयाचे आहे.