विरोधी वर्तमानपत्रें आणि इतिहासाचा विद्यार्थी

वर्सोव्याच्या विद्यार्थ्यास १७३९ ची वसईची मोहीम खरोखर समजावी अशी इच्छा असेल, तर त्यास आधीं जुनीं वर्तमानपत्रें वाचावयास शिकवावें, असें आमचें मत आहे. त्या काळीं मराठी वर्तमानपत्रें नव्हतीं हें खरें; पण दोन विरुद्ध पक्षांचें लिखाण पारखण्याची संवय स्वभाषेंतील पत्रांवरच सुलभतेनें लागते.

मात्र दोन अग्रलेख पुढें ठेवून “कोणाचें खरें?” एवढेंच विचारणें आम्हांस घातक वाटतें. विद्यार्थी आवडत्या पत्रास कौल देतो व मोकळा होतो. १८९१ चा संमतिवयाचा वाद घ्या. मुलींच्या संमतीचें वय दहावरून बारा करणारें विधेयक ९ जानेवारीस वरिष्ठ कायदेमंडळांत आलें व १९ मार्चला मंजूर झालें. ‘केसरी’नें त्यास कडाडून विरोध केला, आगरकरांच्या ‘सुधारका’नें त्याचा कैवार घेतला. येथें ‘सनातनी’ व ‘सुधारक’ असे दोन शिक्के मारले कीं झालें! पण टिळकांनींच १८९० त मांडलेली सूचना आतां विद्यार्थ्याच्या हातीं द्यावी: मुलीचें लग्न सोळा वर्षांपूर्वीं व मुलाचें विसांपूर्वीं करूं नये, आणि हें बंधन सही करणारांनीं आपण होऊन पत्करावें. मग बारा वर्षांच्या कायद्यास तेच गृहस्थ कां अडवितात? येथें शिक्के गळून पडतात व खरा वाद दिसूं लागतो. परक्या सरकारास हा अधिकार कोणी दिला, हा एक प्रश्न. समाज हलेपर्यंत मुलींनीं सोसावें काय, हा दुसरा. आमचा कल आगरकरांकडे आहे. पण तो वर्गावर लादण्याचें कारण नाहीं.

शिवाय हीं दोन्ही पत्रें पुरुषांचीं. रखमाबाईंनीं १८८५ त ‘टाइम्स ऑफ इंडिया’स टोपण नांवानें लिहिलेलीं पत्रें शेजारीं ठेवल्यावांचून हा पाठ अपुराच म्हणावा लागेल.

आतां वर्सोव्याकडे वळूं. खाडीपलीकडे मढ येथें असलेला वर्सोव्याचा किल्ला मराठ्यांनीं १७३९ त पोर्तुगीजांपासून घेतला. मराठी पत्रांत जो विजय, तोच पोर्तुगीज कागदांत अनर्थ. तथापि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली, तेव्हां शिबंदीस शस्त्रांसह व कुटुंबांसह सुखरूप जाऊं दिलें, याविषयीं उभयतांत वाद नाहीं. शिक्षकानें हीं तहाचीं कलमें प्रथम वहींत उतरवून घ्यावींत. विजय कीं अनर्थ, हें मागाहून विचारावें.