‘फरक पडला’ म्हणजे नक्की किती? गाडीच्या ॲक्सेसरीज आणि पुराव्याचा प्रश्न

चार मीटरच्या आतली एसयूव्ही, म्हणजे ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू या वर्गातली गाडी, घेतलेल्या कुणालाही विचारा, “काय काय बसवलंस?” उत्तर लगेच मिळतं आणि ते बहुतेक यादीच्या स्वरूपात असतं. एअर फिल्टर बदलला, टायर मोठे टाकले, सनफिल्म लावली, एलईडी बल्ब टाकले, सीट कव्हर, सेव्हन-डी मॅट, पुढे क्रॅश गार्ड. आणि प्रत्येक गोष्टीपुढे एक ठरलेलं वाक्य: “मस्त फरक पडला.”

हे वाक्य मला संशोधनाच्या दृष्टीने फार आवडतं. पेटची मुलाखत देणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुम्हा सगळ्यांना मी सांगेन, मेथडॉलॉजीचं पुस्तक उघडण्याआधी अशी एक यादी घ्या आणि तिची समीक्षा करा. तिच्यात इंटरव्हेन्शन आहे, मोजमाप आहे, निष्कर्ष आहे. कंट्रोल मात्र नाही. आणि लिहिणारा खोटं बोलत नाही. हे महत्त्वाचं, कारण खोटं बोलणाऱ्याला पकडणं सोपं असतं. इथे प्रामाणिक माणूस स्वतःच्या पैशांनी केलेला प्रयोग सांगतोय.

फिल्टरपासून सुरू करू. दावा असा: हाय-फ्लो फिल्टर टाकला, मायलेज १५ वरून १५.५ झालं. आपल्याकडे मायलेज मोजायची पद्धत म्हणजे टाकी फुल, गाडी चालवा, पुन्हा टाकी फुल, किलोमीटर भागिले लिटर. आता पंपाचा नोझल ‘ऑटो कट’ कधी होईल हे गाडी किती तिरकी उभी आहे, नोझल किती आत आहे, पेट्रोलला फेस किती आलाय, यावर अवलंबून. समजा ४५० किलोमीटरला ३० लिटर लागलं, तर १५. तेच नोझल एक लिटर आधी बंद झालं तर ४५० भागिले २९, म्हणजे १५.५. एक लिटर उशिरा झालं तर १४.५. म्हणजे ज्या अर्ध्या किलोमीटरचं कौतुक चाललंय तो फिल्टरचा असेलही, पण तो नोझलचाही असू शकतो, आणि या आकड्यावरून दोघांत फरक करता येत नाही.

यावर उपाय फुकट आहे, तरी कुणी करत नाही. एका टाकीऐवजी सलग दहा टाक्या मोजा. मधल्या प्रत्येक भरण्यातली चूक पुढच्या भरण्यात आपोआप वळती होते, उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या वेळची. तीनशे लिटरमध्ये एक-दोन लिटरची चूक म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. उपकरण तेच, पंप तोच, फक्त धीर थोडा जास्त. (लॅबमध्ये नवीन उपकरणासाठी ग्रँट मागण्यापूर्वी हा मुद्दा आठवावा असं माझं मत आहे.)

पण समजा आकडा पक्का झाला, फरक खराच पडला. तरी तो फिल्टरमुळेच का? फिल्टर सहसा सर्व्हिसिंगच्या वेळी बदलतात. त्याच दिवशी ऑइल बदललं, प्लग साफ झाले, टायरमध्ये हवा भरली गेली. शिवाय माणूस फिल्टर बदलायचं मनावर घेतो कधी? मायलेज पडलंय असं वाटतं तेव्हा. वाईट महिन्यानंतर बरा महिना येण्याची शक्यता तशीही जास्त असते, मग तुम्ही काहीही बदला, सीट कव्हरसुद्धा. याला सरासरीकडे परतणं म्हणतात आणि वैद्यकीय संशोधनात यानं भल्याभल्यांना फसवलं आहे. आणि तुलना कशाशी? जुन्या, धुळीने भरलेल्या कंपनीच्या फिल्टरशी. खरी तुलना हवी ती नव्या कंपनी फिल्टरशी, जो काही शे रुपयांत येतो.

या प्रश्नावर नीट केलेलं काम उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम चोंदवून गाड्या तपासल्या. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत मायलेजवर म्हणावा असा परिणाम आढळला नाही. वेग पकडायला लागणाऱ्या वेळेत मात्र ६ ते ११ टक्क्यांचा फरक पडला. कारणही सरळ आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल हवा अडवूनच धरत असतो, आणि आत आलेल्या हवेच्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. फिल्टरने थोडी हवा अडवली तर तुमचा पाय ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबतो, संपला विषय. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत असं नव्हतं. तिथे फिल्टर चोंदला की मायलेज खरंच पडायचं. “फिल्टर बदल, मायलेज वाढेल” हा काकांचा सल्ला त्यांच्या गाडीसाठी बरोबर होता. निष्कर्ष खरा, पण ज्या नमुन्यावर काढला तो नमुनाच आता रस्त्यावर नाही.

टायरचा किस्सा याहून चांगला, कारण तिथे प्रयोग स्वतःच्याच मोजपट्टीला हात घालतो. या वर्गात २१५/६० आर १६ हे माप खूप दिसतं. त्याचा अर्थ टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६० टक्के, म्हणजे १२९, आणि रिम १६ इंच, म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. एकूण व्यास ६६४.४. हौसेने २३५/६० टाकले की बाजूची उंची १४१ होते आणि व्यास ६८८.४. वाढ ३.६ टक्के.

आता ओडोमीटर अंतर मोजत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि कारखान्यात ठरलेल्या परिघाने गुणतो. चाक मोठं झालं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही खरे १००० किलोमीटर गेलात तर तो साधारण ९६५ दाखवेल. गाडीचं खरं मायलेज १६ असेल आणि त्यात कणभरही बदल झाला नाही, तरी तुमच्या वहीत १५.४ येईल. मग तुम्ही लिहिणार, “टायर मोठे टाकले, रोड प्रेझेन्स जबरदस्त, पण मायलेज थोडं पडलं.” रुंद आणि जड टायरमुळे थोडं खरोखर पडतंही, तो भाग नाकारत नाही. पण पडलेल्या मायलेजमध्ये खरं किती आणि ओडोमीटरचं किती, हे वेगळं केल्याशिवाय ते वाक्य निरर्थक आहे. वेगळं करायला मोबाईलच्या जीपीएसवरचे किलोमीटर पुरतात. उलट्या बाजूने, स्पीडोमीटरही तेवढाच कमी दाखवणार. तो मुळात थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे काहींचा योगायोगाने जवळपास बरोबर येतो. योगायोगाने बरोबर आलेल्या रीडिंगवर कुणी थिसिस उभा करू नये.

आणि ग्राउंड क्लिअरन्स? व्यास २४ मिलिमीटरने वाढला, तर जमिनीपासून उंची वाढते त्याच्या निम्मी, १२ मिलिमीटर. “गाडी एक-दीड इंच उचलली गेली” असं म्हणणाऱ्याने मोजलेलं नसतं, पाहिलेलं असतं.

नायट्रोजनवर जास्त वेळ घालवत नाही. हवेत तो ७८ टक्के आहेच. पण एक चांगला प्रयोग सांगायला हवा. कन्झ्युमर रिपोर्ट्सने २००७ च्या सुमारास ३१ प्रकारच्या टायरच्या जोड्या घेतल्या, जोडीतल्या एकात हवा, दुसऱ्यात नायट्रोजन, दोन्हींत ३० पीएसआय, आणि वर्षभर ठेवून दिल्या. हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआय उतरले, नायट्रोजनचे २.२. जोडी केल्यामुळे टायरच्या कंपनीचा, रबराचा, हवामानाचा फरक एका फटक्यात बाद झाला. परिणाम खरा आहे, वर्षाला १.३ पीएसआय. जो महिन्यातून एकदा हवा बघतो त्याच्यासाठी तो असून नसल्यासारखा. ‘सिग्निफिकंट’ आणि ‘महत्त्वाचा’ हे दोन शब्द वेगळे का ठेवायचे, याचं यापेक्षा स्वस्त उदाहरण मला माहीत नाही.

सनफिल्म. पुण्यात नाना पेठेत जा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा किंवा दिल्लीत करोल बागेत, काउंटरवर एक लाल दिवा, समोर साधी काच आणि फिल्मवाली काच. हात धरा. साध्या काचेमागे चटका, फिल्मच्या मागे काही नाही. “बघा साहेब, ९७ टक्के हीट रिजेक्शन.” हा डेमो मला फार हुशार वाटतो, कारण त्यात खोटं काहीच नाही. फक्त दिवा सूर्य नाही.

त्या दिव्याच्या तारेचं तापमान साधारण २५०० केल्विनच्या आसपास. वीनच्या नियमाने त्याचा सर्वोच्च बिंदू येतो १.१६ मायक्रोमीटरला, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये. त्याच्या एकूण ऊर्जेत दिसणाऱ्या प्रकाशाचा वाटा दहा टक्केसुद्धा नसतो. सूर्य ५८०० केल्विनच्या घरातला, सर्वोच्च बिंदू ०.५ मायक्रोमीटरला. जमिनीवर पोचणाऱ्या ऊर्जेत चाळीस टक्क्यांहून थोडी जास्त ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशाचीच. इन्फ्रारेड अडवणारी फिल्म दिव्यासमोर जवळजवळ सगळंच अडवते, उन्हात मात्र तिच्या हातात अर्धाच डाव असतो. आता नियम बघा. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश गेला पाहिजे. जी फिल्म ७० टक्के प्रकाश आत सोडते ती त्या प्रकाशाबरोबर सूर्याच्या एकूण ऊर्जेतला तीस टक्क्यांच्या आसपासचा भाग आत सोडणारच, मग इन्फ्रारेड तिने शंभर टक्के अडवलं तरी. ‘९७’ आणि ही मर्यादा एकत्र नांदू शकत नाहीत. ‘९९ टक्के यूव्ही’चंही तेच. यूव्ही त्वचेसाठी आणि डॅशबोर्डच्या रंगासाठी महत्त्वाचं, पण उष्णतेच्या हिशेबात ते पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. विचारायचा आकडा एकच, एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडली. तो बहुतेक वेळा छोट्या अक्षरांत असतो. फिल्म लावूच नका असं मी म्हणत नाही. चांगली फिल्म उपयोगी आहे, पण काउंटरवरचा हात हे उन्हात उभ्या गाडीचं मॉडेल नव्हे.

एलईडी बल्बांची गोष्ट जरा गंभीर आहे. हॅलोजनच्या हेडलाइटमधला आरसा एका बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. तिथे एलईडी बल्ब टाकला की प्रकाश एका पट्टीच्या दोन बाजूंनी निघतो, आणि लो बीमची वरची कड फिसकटते. बॉक्सवर ल्युमेन लिहिलेले असतात, म्हणजे एकूण प्रकाश. तो कुठे पडतो याबद्दल ल्युमेन काही सांगत नाहीत. गाडीसमोरचे पहिले दहा-पंधरा मीटर झगझगीत होतात, चालवणाऱ्याला “दिवसासारखं दिसतं”, आणि त्याच झगझगाटाने डोळ्यांची बाहुली आकसून लांबचं कमी दिसू शकतं. आपल्याला मोजायचं होतं ‘किती लांबचा माणूस दिसतो’ आणि आपण मोजलं ‘किती उजेड वाटतो’.

आणि सॅम्पल कोणाचं? आवडीच्या यादीत मत फक्त स्टिअरिंगमागच्या माणसाचं. समोरून दुचाकीवर येणारा, ज्याच्या डोळ्यांवर ती फिसकटलेली कड येते, त्याला कुणी प्रश्नावली दिलेली नाही. तुमच्या अभ्यासात ज्याला त्रास होतो तो उत्तर देणाऱ्यांत आहे का, हे एथिक्स कमिटीसमोर जाण्याआधीच तपासा.

क्रॅश गार्डचं समर्थन नेहमी असंच: “पार्किंगमध्ये दोनदा ठोकली, ओरखडा नाही.” मान्य. पण पार्किंगचा धक्का रोजचा, मोठी धडक क्वचित. आपला अनुभव रोजच्या गोष्टीचा भरपूर असतो आणि निर्णय मात्र क्वचितच्या गोष्टीसाठी घ्यायचा असतो. गार्ड थेट चासीला बोल्ट केलेला असेल तर चुरगळून ऊर्जा शोषायला ठेवलेला पुढचा भाग वगळून धक्का मागे जातो, एअरबॅगला मिळणाऱ्या संकेताची वेळ बिघडू शकते, आणि पादचाऱ्याला लोखंड लागतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना हे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं कळवून कारवाई करायला सांगितलं. सीट कव्हरचंही असंच. साइड एअरबॅग सीटच्या कडेतून बाहेर येते, आणि तिथे शिवण उसवणारं कव्हर नसेल तर ते कव्हर किती ‘प्रीमियम’ आहे याला काही अर्थ नाही. “पाच वर्षं वापरतोय, काही प्रॉब्लेम नाही” या वाक्यातला सगळा पुरावा अशा पाच वर्षांचा आहे ज्यांत एअरबॅग उघडायची वेळच आली नाही.

मॅट तर सगळ्यांत निरुपद्रवी वाटते. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ लेक्सस ईएस ३५० मधल्या चौघांचा मृत्यू झाला. गाडीत दुसऱ्या मॉडेलच्या, आरएक्स या एसयूव्हीच्या, रबरी मॅट होत्या आणि ॲक्सिलरेटर त्यात अडकला. त्यानंतरच्या महिन्यात टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी मॅटबाबत रिकॉल जाहीर केला. म्हणून सेव्हन-डी मॅट घेणाऱ्याला मी रंग विचारत नाही. ती तुमच्याच मॉडेलची आहे का, खालच्या हुकात बसते का, जुन्या मॅटवर दुसरी टाकली नाही ना, एवढं विचारतो.

यादीतल्या काही गोष्टींना मात्र ही सगळी झाडाझडती लागत नाही. मडफ्लॅप लावा, पावसात एकदा मुळशीला जाऊन या, दाराखालचा चिखल बघा. रेन व्हायझर लावला की पावसात काच दोन बोटं खाली ठेवता येते, हे पहिल्याच सरीत कळतं. डॅशकॅमची क्लिप एक तर असते किंवा नसते. इथे परिणाम इतका मोठा आणि गोंगाट इतका कमी आहे की एक निरीक्षण पुरतं. यादीत या गोष्टी सहसा सगळ्यांत खाली, एका ओळीत उरकलेल्या सापडतील.