मनं उघडी असताना चेहरा कुणासाठी?

१९५५च्या नोव्हेंबरमध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २२५व्या अंकात मंगळावरचा एक रहिवासी पृथ्वीवर येऊन पोचला. जोसेफ सामाकसन यांच्या लेखणीतून आणि जो सेर्टा यांच्या कुंचल्यातून उतरलेल्या त्या छोट्या कथेत डॉ. अर्डेल नावाच्या शास्त्रज्ञाच्या यंत्राने त्याला ओढून आणलं होतं. समोर उभं राहिलेलं ते रूप पाहून शास्त्रज्ञाचं हृदयच बंद पडलं. हिरवी कातडी, टक्कल, भुवयांच्या जागी पुढे आलेली हाडाची जाड कड. हा जॉन जॉन्झ, पुढे ‘मार्शन मॅनहंटर’ म्हणून प्रसिद्ध झालेला. दुसऱ्याचं मन वाचणं आणि हवं ते रूप घेणं या दोन्ही गोष्टी त्याला येतात. सत्तर वर्षांत अनेक पिढ्यांच्या चित्रकारांनी त्याला काढलं. त्यामुळे मन वाचणारे परग्रहवासी काढण्याची कला कुठवर आली आहे हे पाहायचं, तर त्याच्यापासून सुरुवात करणं सोयीचं आहे.

मुळात अडचण अशी. ज्या ग्रहावर सगळ्यांची मनं एकमेकांना उघडी आहेत, तिथे डोळ्यांत पाणी यायच्या आधीच शेजाऱ्याला दुःख कळलेलं असतं. मग कपाळावर आठी पडते ती कुणासाठी? कथेतल्या कुणालाच तिची गरज नाही. गरज आहे ती वाचकाला. वाचकाला मन वाचता येत नाही, त्याच्या हातात फक्त छापलेला कागद असतो. म्हणजे टेलिपथी असलेल्या पात्राचा चेहरा नेहमी चौकटीच्या बाहेर, आपल्याकडे वळलेला असतो. बहुतेक चित्रकारांच्या हे लक्षातच येत नाही आणि ते माणसाचाच चेहरा हिरवा रंगवून मोकळे होतात. ज्यांच्या लक्षात आलं, त्यांनी या माध्यमातलं फार सुंदर काम केलं आहे.

दोष सगळा चित्रकारांचा नाही. त्यांचं शिक्षणच माणसाच्या चेहऱ्यावर होतं. विल आयस्नर यांनी १९८५च्या पुस्तकात देहबोलीला चित्रकथेच्या व्याकरणात मानाची जागा दिली. स्कॉट मॅक्लाउड यांनी २००६मध्ये राग, किळस, भीती, आनंद, दुःख आणि आश्चर्य या सहा मूळ भावनांच्या मिश्रणातून बाकीच्या मुद्रा कशा तयार होतात ते उलगडून दाखवलं. दोन्ही पुस्तकं मोलाची आहेत, पण चेहरा हा समोरच्याला काही कळवण्यासाठी असतो हे त्यांनी गृहीत धरलं आहे. ते गृहीतकच निघालं तर काय करायचं, याचं उत्तर तिथे सापडत नाही.

मला इथे भरताचं नाट्यशास्त्र अधिक उपयोगी वाटतं. त्यात आंगिक अभिनय वेगळा आणि सात्त्विक वेगळा. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव ठरवून करता येत नाहीत, मन भरून आलं की ते शरीरावर उमटतात. मन वाचणाऱ्या जमातीत हाताच्या खुणा, मान डोलावणं, ओळखीचं हसू या गोष्टी गळून पडल्या असतील. पण रंग उडणं आणि अंगावर काटा येणं राहिलं असेल. शरीर कुणाला काही सांगत नसतानाही बोलत असतं, आणि चित्रकाराने नेमकं तेच पकडावं, असं मला वाटतं.

रूढ युक्त्यांकडे त्या मानाने भरभर पाहता येईल. पहिली युक्ती मोठ्या डोक्याची: १९५०मध्ये फ्रँक हॅम्पसन यांच्या ‘डॅन डेअर’मध्ये आलेला मेकॉन, १९६३मध्ये जॅक कर्बी यांनी काढलेला वॉचर. डोकं फुगलं की बुद्धी वाढली, एवढंच ते सांगतं. दुसरी कानशिलाला बोटं लावण्याची. ती प्रोफेसर एक्ससारख्या मानवी पात्रांकडून आली आणि परग्रहवासीयांनाही चिकटली. विचार पाठवायला बोटांची गरज कशी पडेल, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिसरी युक्ती बुबुळ नसलेल्या डोळ्यांची, आणि तिच्याकडे थोडं थांबून पाहायला हवं. माणसाच्या डोळ्यात पांढरा भाग ठळक असतो, म्हणून तो कुठे पाहतो आहे हे दुरूनही कळतं. एकसंध लाल डोळ्यांच्या पात्राची नजर आपल्याला पकडता येत नाही. तो सगळीकडे पाहत असेल किंवा कुठेच नाही. टेलिपथीसाठी ही खूण अचूक आहे, कारण त्याचं लक्ष नजरेच्या रेषेत बांधलेलं नाही. मात्र हे करताना चित्रकाराच्या हातातलं एक मोठं साधन जातं, आणि त्याची भरपाई खांद्यांनी, मानेने, दोन आकृत्यांमधल्या अंतराने करावी लागते. ही भरपाई करणारे थोडेच.

१९६०मध्ये गार्डनर फॉक्स आणि माइक सेकोव्स्की यांनी आणलेला स्टारो मला या युक्त्यांहून हुशार कल्पना वाटतो. एका डोळ्याचा महाकाय तारामासा, चेहरा नाहीच. पुढच्या कथांमध्ये त्याची पिल्लं माणसांच्या तोंडावर चिकटून बसतात आणि मनाचा ताबा घेतात. ज्याला चेहरा नाही तो दुसऱ्यांचे चेहरे झाकून टाकतो, यातली भीती एका चित्रात कळते.

जॉन जॉन्झकडे परत येऊ. १९८७मध्ये कीथ गिफन आणि जे. एम. डीमॅटिस यांनी ‘जस्टिस लीग’ नव्याने सुरू केली आणि चित्रं केव्हिन मॅग्वायर यांच्याकडे आली. अमेरिकी सुपरहीरो कॉमिक्समध्ये तोवर चेहरे बहुधा दोन प्रकारचे असत, दात आवळलेले किंवा ओरडणारे. मॅग्वायर यांनी माणसं अर्धवट हसताना, हसू दाबताना, वाक्य संपायच्या आत कंटाळताना दाखवली. ब्लू बीटलचं खिदळणं, गाय गार्डनरचा फुगलेला अहंकार, बॅटमनचा तुटत आलेला संयम, सगळं ओठांच्या कोपऱ्यात आणि गालांवर. त्या गर्दीच्या मधोमध मंगळावरचा हा नेता, जवळजवळ न हलणारा. मॅग्वायर यांच्या पानांचं खरं मर्म मला इथे दिसतं. सगळ्यांची मनं वाचू शकणारा एकटाच चेहऱ्याने काही सांगत नाही, आणि ज्यांना एकमेकांचं मन कळत नाही ते सगळे चेहऱ्याने अखंड बडबडत असतात. त्याच्या जाड भुवईची सावली एका चौकटीत किंचित खाली सरकली, तरी वाचकाला त्याचा वैताग समजतो. इतरांच्या मुद्रांचा पूर येतो तेव्हा त्याची केसभर हालचालही पुरेशी होते. मॅग्वायर यांना विनोदी चेहऱ्यांचे चित्रकार म्हणून नावाजलं गेलं. त्यांनी काढलेल्या या स्थिर चेहऱ्याबद्दल फार कमी बोललं गेलं, याची मला खंत वाटते.

पुढच्याच वर्षी डीमॅटिस यांनी मार्क बॅजर यांच्यासोबत चार अंकांची मालिका केली. त्यात उघड झालं की आपण पाहत आलो ते रूपही जॉनचं मूळ रूप नव्हे. खरा तो उंच, लांबट, कृश, निमुळत्या डोक्याचा. म्हणजे ३३ वर्षं वाचकांनी जो चेहरा वाचला, तो पृथ्वीवरच्या लोकांना झेपावा म्हणून घडवलेला होता. कथानकातल्या या एका वळणाने सेर्टा यांच्यापासूनच्या सगळ्या चित्रांना नवा अर्थ मिळाला. त्या चेहऱ्यावरची प्रत्येक आठी आता सौजन्य ठरली. नील गेमन यांच्या ‘सँडमन’च्या पाचव्या अंकात स्वप्नांचा राजा स्कॉट फ्री या सुपरहीरोला माणसासारखा दिसतो, आणि जॉनला मात्र ज्वाळांनी वेढलेलं प्रचंड मंगळी मस्तक दिसतं. समोर कोण पाहतं आहे त्यावर चेहरा ठरतो, हे तिथे फार थोडक्यात साधलं आहे. डार्विन कुक यांनी ‘न्यू फ्रंटियर’मध्ये त्याला दूरदर्शन संचासमोर बसवलं आणि पडद्यावर दिसतील ती रूपं घेत माणसाचं वागणं शिकायला लावलं. मनं वाचता येतात, तरीही माणसात मिसळण्यासाठी त्याला हावभाव पाठ करावे लागतात.

सुपरहीरोंच्या बाहेर गेल्यावर मला सगळ्यात श्रीमंत वाटतं ते वेंडी आणि रिचर्ड पिनी यांचं ‘एल्फक्वेस्ट’. १९७८मध्ये सुरू झालेली ही कथा वरवर परीकथेसारखी दिसते, पण तिच्यातले एल्फ हे दुसऱ्या जगातून आलेल्या पूर्वजांचे वंशज आहेत. ते मनाने मनाशी बोलतात आणि त्याला ‘सेंडिंग’ म्हणतात. त्या बोलण्यात खोटं चालत नाही. वेंडी पिनी यांनी हा नियम रेषेपर्यंत नेला. जपानी चित्रकार तेझुका यांच्या चित्रांचा प्रभाव त्यांनी अमेरिकेत फार लवकर पचवला होता, मोठे पाणीदार डोळे तिथूनच आले. पण त्यांच्या वुल्फरायडर्स या लांडग्यांवर स्वार होणाऱ्या एल्फ-टोळीची देहबोली लांडग्यांची आहे: दबकून बसणं, खांद्याला खांदा घासणं, मान झुकवणं, कळपात एकमेकांच्या अंगावर टेकून झोपणं. मनं जुळलेल्या जमातीत शरीरांमधलं अंतरही कमी झालेलं असेल, हा त्यांचा विचार मला अगदी पटतो. जिथे दोन आकृत्यांमध्ये मोकळी जागा राहते तिथे काहीतरी बिघडलं आहे, हे वाचक हळूहळू शिकतो.

कटर आणि लीटा या दोन एल्फांची गोष्ट या दृष्टीने वाचावी. ‘रेकग्निशन’ म्हणजे दोन जिवांना शरीरानेच एकमेकांसाठी निवडणं. त्यात इच्छेला जागा नाही, आणि नाकारलं तर शरीर खंगत जातं. लीटा नाकारते. तिचे शब्द ताठ, हनुवटी वर, पण हात आणि पाठ वेगळंच सांगत असतात. सात्त्विक भाव म्हणतात ते हेच. उलट टोकाला विनोविल ही एल्फ आहे. मनाने वार करणारी, आणि चेहरा सदैव रेखीव, शांत. पिनी यांनी तिला कुरूप केलं नाही. तिच्या सौंदर्याला कुठेच तडा न गेल्यामुळे ती जास्त भयंकर वाटते.

जपानमध्ये हितोशी इवाआकी यांच्या ‘पॅरासाइट’ या मालिकेने प्रश्न उलटा केला. माणसाच्या मेंदूचा ताबा घेणारे हे जीव कुठून आले, याचा पक्का खुलासा होत नाही. जवळ असलेला जातभाई त्यांना लहरींवरून कळतो. आपसात त्यांना चेहरा लागत नाही, माणसांत लपायला मात्र लागतो. इवाआकी यांची रेषा साधी, थोडी कोरडी आहे आणि इथे ती कामी आली. त्यांच्या परजीवींचे चेहरे बरोबर असतात, तरी कुठे तरी वेळ चुकलेली असते. हसू येतं, पण कारणाच्या जरा आधी किंवा नंतर. चेहऱ्यावरून खात्री पटत नाही म्हणून त्यांना ओळखण्यासाठी माणसं केस उपटून पाहतात, कारण परजीवीचा केस वळवळतो. तामुरा रेइको ही त्यांच्यातली सर्वांत हुशार. आपण आरशासमोर उभं राहून मोठ्याने हसून पाहिल्याचं ती सांगते, आणि शेवटी गोळ्या झेलत कडेवरच्या बाळाला वाचवते. तोवर वाचक तिचा चेहरा मुखवटा म्हणून वाचत आलेला असतो. त्या पानांवर तो मुखवटा राहिलेला नाही, आणि रेषेत मात्र जवळजवळ काहीच बदललेलं नाही. अशी ताकद मी फार थोड्या पानांत पाहिली आहे.

अक्षरलेखकांचंही मोठं देणं आहे. पूर्वी मनातला विचार ढगासारख्या फुग्यात असे आणि टेलिपथीला त्याहून निराळी कड, निराळा रंग मिळे. १९८०च्या दशकापासून विचारांचे ढग मागे पडले आणि त्यांच्या जागी रंगीत चौकोनी मजकूर आला. त्यामुळे स्वगत, निवेदन आणि मनोमन संवाद यांतला फरक अनेक अंकांत पुसला गेला. टॉड क्लाइन यांनी ‘सँडमन’मध्ये काळ्या फुग्यात पांढरी अक्षरं देऊन आवाजाला शरीर दिलं होतं. मन वाचणाऱ्या पात्रांना तशी काळजी क्वचित मिळते. शब्द परके झाले की चेहऱ्यावरचा भार हलका होतो, आणि चेहऱ्याला गप्प राहण्याची मुभा मिळते.

अलीकडच्या कामात दोन नावं ठळक. ब्रायन के. व्हॉन यांच्या ‘सागा’त फियोना स्टेपल्स यांनी काढलेल्या रोबो राजपुत्राला डोक्याच्या जागी दूरचित्रवाणीचा पडदा आहे. मनातलं, नको असलेलंही, त्यावर आपोआप दिसून जातं. टेलिपथी नसूनही उघड्या मनाची लाज आणि असहायता तिथे जशी दिसते, तशी टेलिपथीच्या कथांत दिसत नाही. दुसरं नाव रायली रॉसमो. २०१९च्या सुमाराला स्टीव्ह ऑरलँडो यांच्या बारा अंकांच्या ‘मार्शन मॅनहंटर’मध्ये त्यांनी मंगळावरच्या देहांना स्थिर बाह्यरेषाच ठेवली नाही. माणसं बोलता बोलता लांबतात, वितळतात, जोडीदारात मिसळतात. जॉन आणि त्याची बायको म्यिरिया यांच्या जवळिकीच्या पानांवर कोणता हात कुणाचा ते शोधावं लागतं, आणि ते शोधणं हाच त्यांच्या नात्याचा अनुभव होतो. याच कथेत जॉन मंगळावरचा भ्रष्ट पोलीस आहे. उघड्या मनांच्या जगात गुपित बाळगणाऱ्याचा देह कसा आखडेल, हे दाखवण्याची संधी रॉसमो यांनी काही ठिकाणी घेतली, काही ठिकाणी नुसत्या आकारांच्या उधळणीत घालवली. तरीही दुसऱ्या कुणी इतकं धाडस केलेलं मला दिसत नाही.

एक पात्र मात्र अजून चित्रकाराची वाट पाहतं आहे. जॉन ऑस्ट्रँडर आणि टॉम मँड्रेक यांच्या १९९८पासूनच्या मालिकेत जॉनचा जुळा भाऊ मॅलेफॅक येतो. त्याची टेलिपथी शिक्षा म्हणून काढून घेतलेली आहे. मनामनांतून पसरणारी आणि माणसं जाळून टाकणारी साथ तोच आणतो, आणि त्याच शक्तीच्या अभावामुळे तिच्यातून वाचतो. मँड्रेक यांनी त्याला गडद सावल्यांत, खलनायकाला शोभेल असा काढला. पण विचार करा: त्या संपूर्ण ग्रहावर दुसऱ्याच्या मनात काय आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून, खांद्यांवरून, श्वासावरून ओळखावं लागणारा तो एकटाच आहे, आणि समोरच्यांनी शरीरावर काही लिहून ठेवण्याची सवय कधीच सोडलेली आहे. आपण वाचक ज्या जागी आहोत, नेमक्या त्याच जागी तो उभा आहे. त्याच्या डोळ्यांनी काढलेलं मंगळावरचं एक साधं जेवणाचं दृश्य, न बोलणारी दहा-बारा माणसं आणि त्यांच्यात काहीतरी शोधणारा तो, असं पान आजवर कुणी काढलेलं माझ्या पाहण्यात नाही.